जॉर्ज बूल: कोर्टातल्या सर्चमागचा मास्तर

अमेरिकेत दोन कंपन्या कोर्टात भांडल्या, की दोघींनाही खटल्याशी संबंधित ईमेल आणि फाइली समोरच्याला द्याव्या लागतात. ईमेल लाखांत. ते चाळायला वकील सर्च लिहितात: ब्रेक अँड बिघाड, नॉट जाहिरात. हे अँड, ऑर, नॉट आले जॉर्ज बूल यांच्या गणितातून.

बूल जन्मले १८१५ मध्ये, इंग्लंडमधल्या लिंकनला. वडील जोडे शिवायचे. धंदा बसला आणि सोळाव्या वर्षीच पोराला मास्तरकी धरावी लागली. पदवी कधीच नाही, गणित स्वतःच शिकले. तरी १८४९ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमध्ये प्राध्यापक झाले! (बायको मेरी म्हणजे आपल्या एव्हरेस्ट शिखरवाल्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी.)

१८५४ च्या पुस्तकात त्यांनी विचारांचं बीजगणित मांडलं. एक्स म्हणजे पांढऱ्या वस्तू, वाय म्हणजे मेंढ्या. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. हाच आपला अँड. एक्सला एक्सनेच गुणलं तर एक्सच उरतो, कारण 'पांढरी' दोनदा म्हटल्याने मेंढी जास्त पांढरी होत नाही.

१८६४ मध्ये पावसात भिजत चालत कॉलेजला गेले, ओल्या कपड्यांतच शिकवलं, न्यूमोनिया झाला. वय फक्त ४९. कम्प्युटर यायला अजून बराच अवकाश होता.

बूल यांचं गणित चुकत नाही, शब्द निवडणारा माणूस चुकतो. १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी एका रेल्वे अपघाताच्या खटल्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रं घेऊन हे तपासलं. वकिलांना वाटत होतं, कामाचे ७५ टक्के कागद हाती आलेत. प्रत्यक्षात आले होते जेमतेम २० टक्के! कारण अगदी साधं. कंपनीची माणसं 'अपघात' लिहीतच नव्हती. ती लिहायची 'घटना', 'अडचण', 'परिस्थिती'. सर्च 'अपघात' शोधत बसला. अशा वेळी नुकसान कोणाचं, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आता मुरलेला वकील सर्च लिहून थांबत नाही. जे कागद सर्चने बाजूला टाकले, त्यातलेच काहीशे रँडम उचलून हाताने वाचतो. त्यात कामाचं काही निघालं, तर तिथले शब्द घेऊन ऑर वाढवतो आणि सर्च पुन्हा चालवतो. कंटाळवाणं काम आहे, पण सुटलेला ईमेल सापडतो तो इथेच.