खटला हरलेले अनागारिक धम्मपाल

आम्ही वकील मंडळी माणूस निकालावरून मोजतो. त्या हिशेबाने अनागारिक धम्मपाल म्हणजे हरलेला पक्षकार! १८६४ साली कोलंबोच्या सधन घरात जन्मलेले धम्मपाल जानेवारी १८९१ मध्ये बुद्धगयेला आले. तथागतांच्या बोधिस्थळावर शैव महंताचा ताबा पाहून अस्वस्थ झाले. त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती महाविहाराच्या वरच्या मजल्यावर बसवली. महंताच्या माणसांनी ती उचलून बाहेर ठेवली. गयेत त्या माणसांना शिक्षा झाली, पण कलकत्ता उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. १९०६ साली महंताने बर्मी विश्रामगृह खाली करून घेण्यासाठी दावा लावला, तोही बौद्धांच्या विरोधात गेला. १९१५ च्या सिलोनमधील दंगलीनंतर इंग्रज सरकारने त्यांना कलकत्त्यात स्थानबद्ध केले. त्यांचा भाऊ तुरुंगातच वारला.

एवढ्यावर आमचा एखादा पक्षकार फाईल उचलून घरी गेला असता. धम्मपालांनी १९२० साली त्याच कलकत्त्यात धर्मराजिक विहार उभा केला, १९३१ मध्ये सारनाथला मूलगंधकुटी विहार. त्याच वर्षी चीवर घेतले आणि जानेवारी १९३३ मध्ये, शरीर थकलेले असताना, उपसंपदा. कज्जेदलालीतून सुरू झालेली वाट भिक्खूपदापर्यंत गेली, हे आम्हाला त्या निकालांपेक्षा मोठे वाटते. एप्रिल १९३३ मध्ये सारनाथलाच त्यांचे निधन झाले.

बुद्धगया मंदिर कायदा १९४९ साली आला. समितीत बौद्ध चार, हिंदू चार आणि वर जिल्हाधिकारी.