वर्ग आणि कारखाना जोडणारे प्रा. वेंकटरामन

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने महाड-पोलादपूरच्या मुलांना लहानपणापासून दिसतात, पण बहुधा फाटकाबाहेरूनच. पदवीचे रसायनशास्त्र शिकणाऱ्याला उन्हाळ्याच्या सुटीत महिना-दोन महिने आत काम करायला मिळाले, तर पुस्तकातील समीकरणाला वजन, तापमान आणि धोका असतो हे कळते. वर्ग आणि कारखाना यांतील अंतर कमी करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांत प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन यांचे नाव आदराने घेतले जाते.

वेंकटरामन यांचा जन्म १९०१ मध्ये मद्रासचा. तेथील शिक्षणानंतर ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गेले. कापडगिरण्यांच्या त्या शहरात त्यांनी रंगद्रव्यांचे रसायनशास्त्र शिकले आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केले. परतल्यावर लाहोरला अध्यापन करताना त्यांनी वनस्पतींतील फ्लेव्होन या संयुगांच्या रचनेकडे नेणारी एक अभिक्रिया अभ्यासली. ती आज ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणून ओळखली जाते.

मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे ‘यूडीसीटी’, सुरू केला. वेंकटरामन १९३४ मध्ये तेथे आले आणि १९३८ मध्ये विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबई तेव्हा गिरण्यांचे शहर होते आणि वस्त्ररसायन हा विभागाचा मुख्य विषय होता.

कापडाचा रंग आणि पॉलिमर यांचा संबंध येथेच येतो. सुताचा धागा सेल्युलोजचा असतो. ग्लुकोजचे हजारो घटक एकमेकांना जोडून ही साखळी तयार होते, म्हणजे कापूस हा निसर्गाने बनवलेला पॉलिमरच. पाण्यात विरघळणारे अनेक रंग त्याला धरतात. पॉलिएस्टर मात्र पाण्याला दूर ठेवते. त्यासाठी पाण्यात जेमतेम विरघळणारे रंग लागतात आणि दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला ते धाग्यात शिरतात. रंग चांगला की वाईट, हे धाग्याची रचना जाणल्याशिवाय ठरत नाही, आणि ती कसोटी कारखान्यातच लागते.

वेंकटरामन यांचा ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि जगभर वापरला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६६ मध्ये ते निवृत्त झाल्यावर ते पद त्यांचेच विद्यार्थी बा. द. टिळक यांच्याकडे गेले. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालेल्या वेंकटरामन यांचे १९८१ मध्ये निधन झाले.

त्यांनी जोडलेल्या या दोन टोकांचे मोल पॉलिमर उद्योगात विशेष जाणवते. लहान रेणूंची साखळी बनताना बरीच उष्णता बाहेर पडते. चंचुपात्रात ती सहज निघून जाते. मोठ्या पात्रात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो, शिवाय द्रव घट्ट होत जातो आणि उष्णता आत साठते. थंडाव्याची व्यवस्था चुकली तर अभिक्रिया हाताबाहेर जाते. त्याची झळ कामगारांना आणि शेजारच्या गावांनाही बसू शकते. हे गणित फळ्यावर मांडता येते, पण दाबमापकाचा काटा हलताना पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही.

महाडजवळ लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात रासायनिक आणि पेट्रोरासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाते. प्लास्टिकचा बराचसा कच्चा माल पेट्रोरसायनांतूनच येतो. विद्यापीठ आणि औद्योगिक वसाहत, दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. सुटीतील प्रशिक्षण हजेरीपुरते न राहता विद्यार्थ्याला एक खरा प्रश्न, एक मार्गदर्शक आणि सुरक्षेचे पूर्ण धडे मिळाले, तर कारखान्याला जाणता तंत्रज्ञ मिळेल आणि आसपासच्या गावांना सावध शेजारी.