विश्लेषण : न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांचे माप कसे निघाले? कोण होते रिचर्ड झिग्मोंडी?

गर्भधारणा तपासणीच्या किंवा करोना अँटिजेनच्या किटवर उमटणारी लालसर रेघ बऱ्याचदा सोन्याची असते. सोने लाल दिसते, कारण त्याचे कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे कण मोजायला आज इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, लेझरवर चालणारी यंत्रे आहेत. १९०३ मध्ये यातले काहीच नव्हते. तरीही रिचर्ड झिग्मोंडी यांनी त्यांचे माप काढले.

वाद कशाचा होता?

सोन्याच्या क्षारापासून लाल द्रव आणि माणिकलाल काच तयार करणे युरोपातील कारागिरांना फार आधीपासून जमत होते. प्रश्न होता, त्या लाल रंगात नेमके असते काय? साखरेसारखे विरघळलेले काही, एखादे संयुग, की धातूचे अतिसूक्ष्म कण? मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच कणांच्या बाजूने कौल दिला होता. पण कण दाखवणार कसे? साध्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडली होती. भिंग कितीही चांगले घासले तरी तिच्यावर मात होत नाही.

चांगली नोकरी का सोडली?

झिग्मोंडी यांचा जन्म १ एप्रिल १८६५ रोजी व्हिएन्नातला. वडील दंतवैद्य, रिचर्ड १५ वर्षांचे असताना ते वारले. भाऊ कार्ल गणितज्ञ झाले. दुसरे भाऊ एमिल नावाजलेले गिर्यारोहक. १८८५ मध्ये फ्रान्समधील ला मेज शिखरावर त्यांचा मृत्यू झाला.

१८९७ मध्ये रिचर्ड जर्मनीतील येना शहरात शॉट यांच्या काचकारखान्यात रुजू झाले. तिथे त्यांनी दुधी काच विकसित केली. मात्र डोक्यात लाल सोनेच घोळत होते. १९०० मध्ये त्यांनी कारखाना सोडला आणि स्वतंत्रपणे संशोधन सुरू केले. पद नाही, प्रयोगशाळेचा आधार नाही. चुकले असते तर आज त्यांचे नावही कुणाला आठवले नसते.

उपकरण कसे चालायचे?

त्याच शहरातील झाइस कंपनीत हेन्री झीडेनटॉप्फ हे भौतिकशास्त्रज्ञ होते. दोघांनी मिळून १९०२-०३ मध्ये ‘अल्ट्रामायक्रोस्कोप’ उभा केला. तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. कौलांच्या फटीतून आलेल्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ चमकते, तसेच इथे. बारीक फटीतून प्रखर प्रकाश द्रवात आडवा सोडायचा आणि वरून, काटकोनातून पाहायचे. प्रकाश थेट डोळ्यात येत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी काळी राहते आणि प्रत्येक कण विखुरलेल्या प्रकाशाचा ठिपका होऊन चमकतो. कणाचा आकार दिसत नाही, फक्त तो आहे एवढे कळते. आबेंची मर्यादा मोडलेली नाही. तिला वळसा घातला आहे.

मग माप कसे निघाले?

मोजून आणि भागून! समजा, द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ०.०००५ मिलिग्रॅम सोने आहे. १० मायक्रॉन बाजूच्या घनात सरासरी ३ ठिपके मोजले. त्या घनातले सोने तिघांत वाटा, सोन्याच्या घनतेने (१९.३) भागा, घनमूळ काढा. उत्तर येते सुमारे २० नॅनोमीटर. अर्थात ही सरासरी झाली आणि कण घनाकृती आहे हे गृहीत धरून. शिवाय ठिपके सतत थरथरत, पळत असतात. ते मोजायचे डोळ्यांनी, पुन:पुन्हा.

त्याहून बारीक कण तर चमकतही नसत. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती मला मूळ उपकरणापेक्षाही आवडते. हे कण त्यांनी बियाण्यासारखे वापरले. सोन्याच्या ताज्या द्रावणात ते टाकले की त्यांच्यावर सोन्याचे थर चढतात, कण वाढतात आणि दिसू लागतात. संख्या तीच राहते. म्हणजे वाढलेले कण मोजले की मूळ कणांचेही माप कळते.

पुढे काय झाले?

१९०८ पासून ते गॉटिंगेनला प्राध्यापक होते. तिथे त्यांनी अतिसूक्ष्म छिद्रांची पटले, म्हणजे मेम्ब्रेन फिल्टर विकसित केले. पाण्यातले जिवाणू मोजायला प्रयोगशाळा आजही असे फिल्टर वापरतात. रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल त्यांना प्रत्यक्षात १९२६ मध्ये जाहीर झाले. १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल स्वेडबर्ग यांना, तर भौतिकशास्त्राचे पेरँ यांना मिळाले. तेही अशाच सूक्ष्म कणांवर काम करणारे.

सप्टेंबर १९२९ मध्ये झिग्मोंडी यांचे निधन झाले. पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप १९३१ मध्ये आला, त्यामुळे आपल्या कणांचा खरा आकार त्यांना कधीच पाहता आला नाही. नॅनोकणांचा माग काढणाऱ्या आजच्या यंत्रांत सूर्यप्रकाशाऐवजी लेझर आणि डोळ्याऐवजी कॅमेरा असतो. काळ्या पार्श्वभूमीवर थरथरणारे ठिपके मात्र तेच.