अंबादेवीच्या लढ्यातले पंजाबराव

जठारपेठेत कोणालाही कृषी विद्यापीठ विचारा, तो पीडीकेव्ही म्हणेल. या आद्याक्षरांत आमचे पंजाबराव हरवले आहेत. 27 डिसेंबरला जयंती येते, कृषिमहर्षी म्हणून पुतळ्याला हार पडतात, पण अंबादेवीच्या सत्याग्रहाची आठवण भाषणांत क्वचितच निघते. म्हणून आम्ही तेथूनच सुरुवात करतो.

नोव्हेंबर 1927. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब. अंबादेवीचे मंदिर खुले करा, ही मागणी. या लढ्यात पापळ गावच्या शेतकऱ्याच्या घरातून विलायतेला जाऊन आलेला 28 वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला. पंजाबरावांनी ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्मावरच डॉक्टरेट मिळविली होती. त्यांना शास्त्राधार सांगायला जाणाऱ्यांची पंचाईतच झाली असेल! त्याच वर्षी त्यांनी सोनार समाजातील विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. तेथे सर्व जातींची पोरे एकत्र राहात, एकाच पंगतीला जेवत. जातीअंताची भाषणे ठोकणाऱ्या किती पुढाऱ्यांनी स्वतःच्या घरापासून आरंभ केला, हे वाचकांनीच मोजावे.

1930 साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकऱ्यासाठी त्यांनी कर्ज लवादाचा कायदा रेटला, तो 1933 साली झाला. लवाद मंडळापुढे सावकार आणि कुळ समोरासमोर बसायचे, तडजोडीने रक्कम ठरायची, हप्ते पडायचे. वऱ्हाडातल्या कितीतरी जमिनींचा लिलाव यामुळे टळला. मात्र ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या महार-मांग शेतमजुराला या कायद्याचा उपयोग तो काय? हा प्रश्न आम्ही पंजाबरावांविषयी आदर ठेवूनच विचारतो.

पुढे शिवाजी शिक्षण संस्थेने कुणब्या-माळ्यांची, तेल्यांची आणि आमचीही पोरे कॉलेजात नेली. संविधान सभेत पंजाबराव मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वासाठी भांडले. 1952 ते 1962 ते केंद्रात कृषिमंत्री होते. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला, 1959 च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. त्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही आले होते.

पण एक गोष्ट खटकते. मागासवर्ग आयोग नेमला जात नाही, हे बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडताना दिलेल्या कारणांपैकी एक होते. कालेलकर आयोगाचा अहवाल 1955 साली आला आणि काँग्रेस सरकारने तो बासनात बांधला. त्याच सरकारात ओबीसींचा हा कैवारी बसलेला होता. बाबासाहेब बाहेर पडले, पंजाबराव आत राहिले. आत राहून त्यांनी शेतीसाठी पुष्कळ मिळविले, ओबीसींना मात्र मंडलपर्यंत थांबावे लागले.

10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत ते गेले. अकोल्याचे विद्यापीठ त्यानंतर 4 वर्षांनी, 1969 साली उभे राहिले. विमलाबाई पुढे राज्यसभेत गेल्या.