विल्यम रॉबिन्सन
विल्यम रॉबिन्सन (१८४० - १९२१) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन विद्युत अभियंता होते. त्यांच्या सुरुवातीच्या सिग्नल यंत्रणेत गाडी आल्यावरच विद्युत मंडल पूर्ण होई. त्यामुळे तार तुटल्यास वा बॅटरी संपल्यास व्यापलेला मार्गही मोकळा दिसे. हा दोष जीवघेणा होता. १८७२ मध्ये त्यांनी बंद ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. यात रुळांच्या एका टोकाला बॅटरी व दुसऱ्या टोकाला रिले असतो. गाडीची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेला प्रवाह मिळेनासा होतो आणि सिग्नल धोका दर्शवितो. रूळ तुटला तरीही तसेच घडते. १९०४ च्या न्यूयॉर्क भुयारी रेल्वेत मात्र गाड्या चालविणारा एकदिश प्रवाह रुळांतूनच परतत असल्याने ट्रॅक सर्किटसाठी प्रत्यावर्ती प्रवाह योजावा लागला.