ठिणगी, खडखड आणि शिसं

वेगवान मोटरबोटीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचं टायमिंग लावताना मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवतो आणि टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची खूण पाहतो. मिश्रण जळायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधी काही अंश ठिणगी पडायला हवी. ती फार लवकर पडली, तर उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि इंजिन आतून खडखडतं. हेच नॉकिंग. मोटारीला उतारावर विसावा मिळतो. बोटीचा पंखा सतत पाणी रेटत असल्याने तिचं इंजिन जणू कायम घाट चढत असतं. त्यात इंजिनाच्या आवाजात खडखड ऐकूच येत नाही आणि पिस्टनला भोक पडल्यावरच चूक कळते.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही रचना रूढ केली ती चार्ल्स केटरिंग यांनी. १८७६ मध्ये ओहायोत एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डोळे इतके अधू, की शिक्षण मध्येच थांबलं. इंजिनीअरची पदवी मिळाली १९०४ मध्ये. डेटन शहरातल्या एका कोठारात सहकाऱ्यांसह त्यांनी नवी इग्निशन तयार केली. १९१२ च्या कॅडिलॅकला त्यांचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मारताना हात मोडून घेण्याची वेळ टळली.

इंजिनं खडखडू लागली, तेव्हा काहींनी दोष दिला तो त्यांच्याच इग्निशनला. ठिणगी उशिरा पाडली तर खडखड थांबते, पण ताकद घटते. केटरिंग यांना ही तडजोड नको होती. दोष इंधनात आहे असं मानून त्यांनी टॉमस मिजली यांना कामाला लावलं. १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये ते चिमूटभर पुरे. अल्कोहोलनेही खडखड थांबते हे त्यांना ठाऊक होतं. तरी शिसंच निवडलं गेलं. ते स्वस्त होतं आणि त्याचं पेटंट घेता येत होतं. हा निव्वळ अजाणतेपणा म्हणता येत नाही. शिसं विषारी आहे हे जुनंच ज्ञान होतं.

१९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. ते विकणाऱ्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. नंतर कित्येक दशकं धुरातून शिसं हवेत गेलं, आणि त्याचा सर्वाधिक घात होतो तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर.

गंमत अशी, की केटरिंग यांना स्वतःला गोडी लागली ती डिझेल इंजिनांची, तीही आपल्या हौसेच्या नौकेमुळे. डिझेलमध्ये ठिणगीच नसते! १९४५ मध्ये न्यूयॉर्कला स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. तिथे आजही कर्करोगावर संशोधन चालतं. केटरिंग १९५८ मध्ये वारले. भारतात वाहनांच्या पेट्रोलमधलं शिसं बंद झालं ते २००० मध्ये, आणि सर्वांत शेवटी अल्जेरियात, २०२१ मध्ये.