संत फ्रान्सिस डी सेल्स : चुकलेल्याला धीर देणारा बिशप

नवीन वर्षाचे संकल्प साधारण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गळू लागतात. सकाळची मिस्सा चुकवणार नाही, मुलांवर ओरडणार नाही, रोज रात्री घरात रोझरी म्हणू असे ठरलेले असते. एक-दोन दिवस खंड पडला की मन म्हणते, जाऊ दे, आपल्याच्याने होणार नाही. नेमक्या याच सुमारास, २४ जानेवारीला, ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करते. चुकल्यावर पुन्हा कसे उठावे हे इतक्या धीराने शिकवणारा दुसरा संत सांगणे कठीण आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतातील थोरेन्स येथे एका सरदार घराण्यात झाला. हा डोंगराळ भाग आज फ्रान्समध्ये मोडतो. थोरल्या मुलाने वकील व्हावे, मोठ्या पदावर बसावे ही वडिलांची इच्छा. शिक्षणासाठी मुलाला पॅरिसला येशूसंघीयांच्या कॉलेजात पाठवले गेले. तेथे, १५८६ च्या अखेरीस, एकोणीस वर्षांच्या या भाविक तरुणाला एका भयंकर विचाराने घेरले: देवाने आपल्याला तारणासाठी निवडलेच नसेल तर? त्या काळी या विषयावर मोठे वाद चालत. अन्न गोड लागेना, झोप येईना. असे कितीतरी आठवडे गेले. शेवटी जानेवारी १५८७ मध्ये तो एका चर्चमध्ये पवित्र मरीयेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने ठरवले की पुढे काय होईल ते देव जाणे, निदान या जन्मी तरी मी त्याच्यावर प्रेम करीन. त्याच ठिकाणी त्याच्या मनावरचे ओझे उतरले. पुढे निराश माणसांशी ते इतक्या मायेने का वागत, याचे मूळ मला या आठवड्यांत दिसते.

पादुआ येथे १५९१ मध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली; पण वकिली केली नाही. वडिलांचे मन वळायला वेळ लागला. १८ डिसेंबर १५९३ रोजी ते धर्मगुरू झाले.

पुढच्याच वर्षी ते चुलतभाऊ लुई यांच्यासह शाब्ले या भागात गेले. तेथील लोक कॅल्विनपंथी झाले होते. प्रवचनाला कोणी येईना. तेव्हा फ्रान्सिस यांनी श्रद्धेवर छोटी पत्रके लिहिली आणि ती घरांच्या दारांखालून सरकवली, भिंतींवर चिकटवली. (आपल्या हातातील या रविवारच्या पत्रिकेचे ते पूर्वजच म्हणायचे!) सुरुवातीची वर्षे जवळजवळ कोरडी गेली. १५९८ मध्ये मात्र मोठ्या संख्येने लोक कॅथलिक श्रद्धेकडे परतले. त्यात तेथील ड्यूकच्या सत्तेचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पण कडाक्याच्या थंडीत रोज पायपीट करून लोकांशी आदराने बोलणारा हा तरुण धर्मगुरू लोकांच्या मनात राहिला. पोप अकरावे पायस यांनी १९२३ मध्ये त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

८ डिसेंबर १६०२ रोजी ते जिनिव्हाचे बिशप झाले. जिनिव्हा शहर कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्यांना आनसी येथे राहावे लागले. बिशप असूनही ते मुलांना स्वतः धर्मशिक्षण देत, आणि एका बहिऱ्या तरुणाला त्यांनी हातांच्या खुणांनी श्रद्धा शिकवली.

त्यांच्या नात्यातील एक प्रापंचिक बाई, मादाम द शारमोआझी, भक्तिजीवनाविषयी मार्गदर्शन मागत असत. त्यांना लिहिलेल्या टिपणांतून १६०९ मध्ये भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक तयार झाले. पावित्र्य फक्त मठात असते अशी समजूत तेव्हा रूढ होती. फ्रान्सिस यांनी सांगितले की सैनिक, दुकानदार, गृहिणी, विधवा, प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला आणि ताकदीला झेपेल अशी असावी. मूळचा स्वभाव तापट, म्हणून रागाविषयी ते अनुभवाने लिहितात. राग आल्यावर स्वतःवरच रागावणे म्हणजे दुसरा राग, असे त्यांचे मत. पडल्यावर आपल्या मनाला हळुवारपणे समजवावे, देवाच्या दयेवर भरवसा ठेवावा आणि चालू लागावे.

पुस्तकाचा शेवटचा भाग वार्षिक नूतनीकरणाविषयी आहे. घड्याळ कितीही चांगले असले तरी त्याला रोज चावी द्यावी लागते, आणि वर्षातून एकदा ते उघडून गंज काढून तेल घालावे लागते. आत्म्याचेही तसेच, असे ते समजावतात. प्राचीन ख्रिस्ती लोक प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला आपल्या स्नानसंस्काराची वचने नव्याने देत, याची ते आठवण करून देतात. तो सण आपणही जानेवारीतच साजरा करतो. मग देवाशी, शेजाऱ्याशी, स्वतःशी आपण कसे वागलो, याची तपासणी थोडी थोडी करून काही दिवसांत पूर्ण करावी, असे ते सुचवतात. एका बैठकीत सगळे उरकण्याची घाई नाही.

१६१० मध्ये संत जेन फ्रान्सिस द शांताल यांच्याबरोबर त्यांनी मरीयेच्या भेटीच्या नावाने भगिनींचा संघ सुरू केला. कठोर तपश्चर्या न झेपणाऱ्या विधवा आणि नाजूक प्रकृतीच्या स्त्रियांनाही तेथे जागा होती.

१६२२ च्या अखेरीस ते लिऑन शहरात आले. राजपरिवार शहरात असल्याने बिशपांना उतरायला चांगल्या जागा मिळाल्या असत्या. त्यांनी भगिनींच्या मठाच्या आवारातील माळ्याची खोली मागून घेतली. नाताळच्या मिस्सा अर्पण केल्या. २७ डिसेंबरला त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि २८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी, त्याच खोलीत वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.